स्क्रबरचं काळं पाणी, तेलकट चिंध्या, रिकामे कॅन: कारखान्याचे की कंत्राटदाराचे?

मच्छे_हाऊसकीपिंग:
बेळगावच्या उद्यमबागेत एक आणि मच्छेत एक, अशा दोन मशीनशॉपच्या फरशीसफाईचं कंत्राट आहे. स्क्रबरची, म्हणजे फरशी घासायच्या मशीनची, टाकी ५० लिटरची, प्रत्येक ठिकाणी रोज तीन-चार टाक्या काळं पाणी निघतं. एका ठिकाणी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे. दुसऱ्या ठिकाणी नाही, तिथला सुपरवायझर म्हणतो गटारीत ओता. तेलकट चिंध्या आणि डिग्रीझरचे (तेल काढायचं रसायन), ॲसिडचे रिकामे कॅन दोन्हीकडं 'तुमचं तुम्ही घेऊन जावा'. आता नव्या करारात कलम घातलंय: सफाईतून निघणाऱ्या सर्व कचऱ्याची विल्हेवाट कंत्राटदार कायद्याप्रमाणे लावेल. सही करावी का? आणि प्रदूषण मंडळाची परवानगी आपल्याला वेगळी लागते का?

टिळकवाडी_कंप्लायन्स:
आहे तसं सही करू नका, अण्णा. २०१६ च्या हॅझर्डस वेस्ट (धोकादायक कचरा) नियमांत ऑक्युपायर म्हणजे कारखान्यावर ज्याचा ताबा तो. पण त्याच व्याख्येत पुढं, कचरा ज्याच्या ताब्यात आहे तोही धरलाय. चिंध्या गेटच्या आत आहेत तोवर मालकाच्या, तुमच्या टेम्पोत चढल्या की तुमच्या. वर ऑथोरायझेशन (असा कचरा हाताळायला मंडळाची परवानगी) नाही, मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा वाहतुकीचा कागद) नाही. वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला तुमच्याकडं काय आहे?

कारखान्याचं ऑथोरायझेशन एकदा बघायला मागा. अनुसूची १ मधले नंबर शोधा: ५.१ वापरलेलं तेल, ५.२ तेलमिश्रित गाळ, ३३.१ रसायनाचे रिकामे बॅरल-कॅन, ३३.२ माखलेल्या चिंध्या व सफाईचं साहित्य. ५.१ असतं आणि ३३.२ घ्यायचं राहिलेलं असतं, हा नेहमीचा घोळ. मग चिंध्यांना कागदावर जागाच नसते आणि त्या तुमच्या गळ्यात मारल्या जातात. तो नंबर वाढवून घेणं हे मालकाचं काम, तुमचं नव्हे.

कलम असं करून घ्या: 'सफाईतून निघणारा कचरा कंत्राटदार वेगळा करून, वजन करून कारखान्याच्या स्टोअरमध्ये सहीनिशी जमा करेल, पुढील विल्हेवाट कारखान्याच्या ऑथोरायझेशनखाली होईल.' जमा करताना डुप्लिकेट पावतीपुस्तक ठेवा: तारीख, प्रकार, किलो, स्टोअरवाल्याची सही. त्यांना कचऱ्याची नोंद ठेवायच्या फॉर्म ३ ला हेच आकडे लागतात, म्हणून कुरकुर करणार नाहीत. साठवण ९० दिवसांपर्यंतच, तेव्हा माल उचलायला गाडी कधी येते तेही विचारून ठेवा. मॅनिफेस्टच्या, म्हणजे फॉर्म १० च्या, सात प्रती निघतात, पिवळी पाठवणाऱ्याकडं राहते. तिची झेरॉक्स मिळाली तर उत्तम.

मंडळाची संमती जागेला लागते. नुसती दुसऱ्याच्या जागेत सफाई करत असाल तर सांडपाण्याची संमती त्या कारखान्याची. मात्र तेलकट मॉप आणि पॅड आपल्या गोडाऊनवर नेऊन धूत असाल तर ते सांडपाणी तुमचं झालं. मॉप तिथंच धुवा.

होनगा_ईटीपी:
पाण्याचं सांगतो. सार्वजनिक ड्रेनेजात सोडायचं तर तेल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत, नाल्या-नदीत जात असेल तर १० च्या आत, पीएच दोन्हीकडं ५.५ ते ९. मशीनशॉपच्या स्क्रबरचं पाणी यात बसणं शक्य नाही. आणि रस्त्याकडेची उघडी गटार म्हणजे ड्रेनेज नव्हे. सुपरवायझरला म्हणावं, लेखी दे, मग ओततो. देणार नाही.

ईटीपी आहे तिथंही टाकी नेऊन उपडी करू नका. डिग्रीझर अल्कलाइन असतो, तो तेल बारीक थेंबांत फोडून पाण्यात धरून ठेवतो. सेपरेटरमध्ये तेल वर येतच नाही, दुधाळ पाणी तसंच पुढं जातं आणि जैविक टाकीतले जंतू मार खातात. मग ऑपरेटर तुमच्या नावानं शंख करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

म्हणून आधी कोरडं काम. लोखंडी बुरा मॅग्नेटिक स्वीपरनं उचला, तेलाच्या डबक्यावर भुसा टाकून खरवडा; तो भुसा ५.२ मध्ये. मग सगळ्या फरशीला २ टक्के, म्हणजे ५० लिटरला १ लिटर पुरतं. जाड थरावर तेवढं ५ टक्के हातानं लावून पाच-दहा मिनिटं थांबा. पोरं अंदाजानं ओततात, फेस होतो, तो व्हॅक्यूम मोटरीत शिरतो आणि मोटर जाते. कमी फेसाचं रसायन घ्या, डिफोमर हाताशी ठेवा.

काळं पाणी २०० लिटरच्या पिंपात रात्रभर बसू द्या. पिंपाला तळापासून वीतभर वर कॉक लावा. वरचं तेल काढून ५.१ च्या पिंपात, तळाचा गाळ ५.२ मध्ये, मधलं पाणी पीएच पट्टीनं बघून, ऑपरेटरला विचारून हळूहळू ईटीपीच्या इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सगळं पाणी आधी एकत्र होतं त्या टाकीत. ॲसिड टाकून पीएच उतरवणं त्याच्यावर सोडा. ईटीपी नाही तिथं हे मधलं पाणीसुद्धा साठवून मालकाच्या ताब्यात द्यायचं, दुसरी वाट नाही.

निपाणीकर_७१:
कॅन भंगारवाल्याला देताना सीमेचं भान ठेवा. कोगनोळीच्या पुढं कागल, राज्य बदललं. अंतिम विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात पाठवायचं तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचं एनओसी लागतं, रिसायकलिंगला जात असेल तर दोन्ही मंडळांना आधी कळवायला लागतं. 'कोल्हापूरचा माणूस येऊन घेऊन जातो' एवढ्यावर भागत नाही.

कॅन रिकामा झाला की पाव भाग पाणी घाला, बूच लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी त्याच रसायनाच्या पुढच्या डायल्यूशनमध्येच वापरा. असं तीनदा. ॲसिडचे आणि हायपोचे (हायपोक्लोराइट, ब्लीचचं द्रावण) कॅन एकाच जागी धुवू नका, क्लोरीन वायू होतो. धुतल्यावर तळाला भोक पाडा, नाहीतर तोच कॅन कुणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्याला जातो. सप्लायर रिकामे परत घेत असेल तर सगळ्यात सोपं. ऑर्डरवर तसं लिहून घ्या. मग भोक पाडायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

खानापूर_फॅसिलिटी:
करारात 'चेंबर व सेप्टिक टँक सफाई' असं कुठं घुसडलंय का बघा. माणूस आत उतरवला तर हातानं मैला सफाईवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा लागतो: पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते काम सक्शन गाडीचं, वेगळ्या ऑर्डरवर.

मच्छे_हाऊसकीपिंग:
कलम बदलून पाठवतो. पिंपांवरचं लेबल कुठल्या भाषेत?

टिळकवाडी_कंप्लायन्स:
फॉर्म ८ प्रमाणे. फ्लोरोसंट पिवळी पार्श्वभूमी, 'हॅझर्डस वेस्ट' आणि 'हँडल विथ केअर' लाल अक्षरात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडं कन्नड. पोरांसाठी खाली मराठीत एक ओळ घातली तर हरकत नाही. कागदाचं नको, धुतलं तरी न जाणारं हवं. आणि झाकणावर चिकटवू नका, पिंपाच्या अंगावर लावा. झाकणं अदलाबदल होतात.