मदत हवी आहे : शिशाने खराब झालेल्या रानात मोहरी लावू की वाळा?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात आमचं एक एकर काळं रान आहे. बांधाला लागून पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. ती बंद पडली, पण नांगर घातला की अजून काळ्या प्लास्टिकच्या चिपा आणि राखाडी खडे वर येतात. खडा हातात घेतला तर आकाराच्या मानाने भलताच जड लागतो.

मृदा आरोग्य पत्रिकेत शिसं मोजत नाहीत, म्हणून खासगी प्रयोगशाळेत माती दिली. भट्टीच्या अंगाला किलोमागे साधारण 800 मिलिग्रॅम शिसं आलं, लांबच्या कडेला 100 च्या आत. सामू (पीएच) 8 च्या वर. मेथी, पालक तेव्हापासून बंद केलंय आणि वैरणही तिथली घालत नाही.

नेटवर जिथे तिथे मातीतलं शिसं ओढून घ्यायला मोहरी नि सूर्यफूल लावा असं लिहिलंय. चेर्नोबिलचा दाखला हमखास असतो. पण तिथे अणुभट्टीच्या अपघातानंतर सूर्यफुलं तळ्यात तराफ्यांवर वाढवली होती, पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढायला. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत शिसं घट्ट बसलंय, मुळांच्या हाती फारसं लागत नाही.

मी हिशेब मांडून पाहिला, चुकत असेल तर सांगा. एकराची वरची 15 सेंटीमीटर माती म्हणजे सुमारे 900 टन. सगळीकडे 800 धरून ते 400 वर आणायचं तर 360 किलो शिसं बाहेर काढावं लागेल. मोहरीचा वाळलेला पाला-काड्या 3 टन निघाल्या आणि त्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम शिसं उतरलं, तरी एका पिकात जेमतेम 300 ग्रॅम. म्हणजे हजारावर पिकं! ईडीटीए (मातीतलं शिसं सुटं करणारं रसायन) घातलं की मोहरी जास्त शिसं उचलते हे खरं, पण सुटं झालेलं शिसं पावसाबरोबर खाली झिरपतं. आमची विहीर त्याच उताराला आहे, त्यामुळे तो मार्ग मला नकोच.

म्हणून शिसं काढण्याचा नाद सोडून ते जागच्या जागी धरून ठेवावं असं वाटतंय. वाळ्याची मुळं खोल जातात, शिसं बहुतेक मुळांतच राहतं, आणि जमीन बारमाही झाकलेली राहिली की धूळ उडत नाही. धुळीचीच मला जास्त काळजी आहे, घरातली लहान पोरं त्याच बांधावर खेळतात.

अडचण अशी की वाळ्याचं उत्पन्न मुळांतच. त्या मुळांच्या जुड्या उन्हाळ्यात लोक माठात टाकतात, तेव्हा या रानातली मुळं विकायची नाहीत हे नक्की. पण वाफेवर तेल काढलं तर त्यात शिसं येतं का? मुळं उपटताना धरून ठेवलेली माती पुन्हा मोकळी होणार, मग ती कायमची जमिनीतच ठेवावीत का? वडील म्हणतात, त्यापेक्षा ऊस लाव. उसाच्या कांडीत शिसं किती चढतं? कोणी रस किंवा गूळ तपासून घेतलाय का?

आणखी एक, ते जड खडे वेचून ठेवलेत. ते रीतसर कुणाच्या ताब्यात द्यायचे? भंगारवाल्याला दिले तर ते पुन्हा कुठल्यातरी भट्टीतच जातील.

शिसं असलेल्या जमिनीत कोणी प्रत्यक्ष वाळा लावला असेल तर रोपांचं अंतर आणि पहिल्या वर्षीचं पाणी याबद्दलही लिहा. पावसाच्या तोंडावर लागण करायची आहे, तेव्हा जरा लवकर कळवलंत तर बरं होईल.