मदत हवी आहे: आईअण्णांना घेऊन व्हिक्टोरिया फॉल्स, लिव्हिंगस्टनमध्ये मध्यम बजेटचं लॉज कसं निवडावं?

नमस्कार मंडळी. मी गेली सहा वर्षं झांबियात, लुसाकात आहे, नोकरीनिमित्त. आई आणि अण्णा पहिल्यांदाच इकडे येतायत, एप्रिल ते जुलै असे जवळपास तीन महिने. आईला सगळंच बघायचंय पण अण्णांना एकच, झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरचा झांबेझी नदीचा धबधबा, म्हणजे व्हिक्टोरिया फॉल्स. अण्णा पाटबंधारे खात्यात होते, कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी कोयना आणि कृष्णेच्या काठाने. आमच्या घरी पावसाळ्यात जेवताना बोलणं म्हणजे आज आवक किती, विसर्ग किती, दरवाजे किती फुटांवर, एवढंच. मी इकडे आल्यापासून फोनवर तब्येतीच्या आधी ते विचारतात की झांबेझीला पाणी किती आहे. त्यामुळे ही ट्रिप मला नीट करायचीये, नुसती उरकायची नाहीये.

आता अडचणी सांगतो. अण्णा 73, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालतात पण पायऱ्या उतरताना त्रास होतो. आई 68, पूर्ण शाकाहारी, गुरुवारचा उपास, आणि बाहेरचं रोज चालत नाही. बजेट एका रूमला रात्री 2000 ते 2500 क्वाचा (इथलं चलन), दोन रूम, तीन रात्री. धबधब्याला चिकटून जी मोठी हॉटेलं आहेत ती आपल्या आवाक्यातली नाहीत. म्हणजे राहिली गावातली गेस्ट लॉज, गवताने शाकारलेले चॅलेट म्हणजे सुट्या छोट्या खोल्या, मधे छोटा स्विमिंग पूल, सकाळचा नाश्ता धरून, अशी लिव्हिंगस्टनमध्ये भरपूर आहेत. गावापासून धबधबा 10 किलोमीटर, त्यामुळे लांबचं वाटत नाही.

पण मागचा अनुभव वाईट आहे म्हणून हा धागा. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी आणि एक मित्र गेलो होतो. लॉजचं नाव लिहीत नाही. फोटो बघून बुक केलं, पोचलो तर लाइट नाही, जनरेटर रात्री दहाला बंद, त्यानंतर पंखा नाही आणि ऑक्टोबर म्हणजे इथला सगळ्यात गरम महिना, मच्छरदाणीत अक्षरशः उकडून निघालो. बोअरची मोटर विजेवर म्हणून सकाळी नळाला पाणी पण नाही. रिसेप्शनवरची मुलगी बिचारी बादलीने पाणी आणून देत होती, तिचा काय दोष. आणि एवढं करून धबधब्यावर गेलो तर नदीचं पाणी आटलेलं, झांबियाच्या बाजूला नुसता काळा कडा. 1708 मीटर रुंद आणि 108 मीटर उंच धबधबा, आणि आमच्या समोर चार-पाच धारा. मी तर फोटोसुद्धा अण्णांना पाठवले नाहीत. त्यांनी आयुष्यभर ज्याचं नाव ऐकलं ते असं बघू नये असं वाटलं.

विजेचं तुम्हाला माहीतच असेल, झांबियाची बहुतेक वीज पाण्यावर, आणि 2024 च्या दुष्काळात झांबेझीवरचं करिबा धरण इतकं खाली गेलं की घरोघरी दिवसाला जेमतेम तीन-तीन तास वीज मिळत होती. आपण भारनियमन बघितलेली माणसं, पण हे त्याच्याही पलीकडचं होतं. (अण्णांनी करिबाचा साठा टीएमसीत काढून बघितला, कोयनेच्या साधारण 60 पट येतो. दोन दिवस ते त्याच विचारात होते.) आता परिस्थिती बरी आहे पण लॉजवाल्याच्या 'बॅकअप आहे सर' या शब्दावर माझा विश्वास राहिलेला नाही.

तर प्रश्न असे. एक म्हणजे कधी जावं, एप्रिलअखेर की जून, कारण एप्रिलमध्ये पाणी सगळ्यात जास्त असतं पण काहीजण म्हणतात फवाऱ्यामुळे काहीच दिसत नाही. दुसरं, लॉज बुक करताना नेमकं काय काय विचारायचं म्हणजे मागच्यासारखं होणार नाही, आणि गावात राहावं की नदीकाठी वरच्या बाजूला. आणि तिसरं, अण्णांच्या गुडघ्याला झांबियाची बाजू झेपेल की झिम्बाब्वेला जावं. व्हिसाचं सोडा, परत झांबियात आत येता येईल ना ते मी इमिग्रेशनमध्ये जाऊन विचारतोय. पिवळ्या तापाची लस आणि मलेरियाच्या गोळ्या याबद्दल दोघं तिकडेच डॉक्टरांशी बोलतायत, साठीनंतर ती लस विचार करूनच देतात म्हणून.

लुसाकाहून कारनेच जाणार, 470-480 किलोमीटर, मधे चोमाला जेवण. मझाबुकाला दोन्ही बाजूंनी ऊस लागतो तिथे अण्णा गाडी थांबवायला लावणार हे नक्की, तो अर्धा तास धरलाय.

प्रतिसाद 1
आम्ही इथेच झांबियात, किटवेला असतो, सासूसासऱ्यांना घेऊन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो. दादा, एप्रिलला नेऊ नका. सगळं पांढरं. आवाज एवढा की शेजारच्याचं ऐकू येत नाही, खालून वर उलटा पाऊस येतो, आणि समोर कडा आहे की नाही ते पण कळत नाही. झांबियाच्या बाजूला धबधब्यासमोर नाईफ एज नावाचा पायी जायचा पूल आहे, त्यावर तर पाय ठेवल्या ठेवल्या चिंब, गेटवर भाड्याने रेनकोट मिळतात पण काही उपयोग होत नाही, आणि पुलाची फरशी निसरडी. सासऱ्यांचा हात आम्ही दोघांनी धरला होता तरी माझ्या पोटात गोळा. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने तिथे अजिबात नको. आणि बॉइलिंग पॉटकडे, म्हणजे घळीच्या तळाशी पाण्याजवळ, खाली उतरायची वाट आहे ती तर विसरूनच जा, नुसते दगड आणि पायऱ्या.

जूनमध्ये पाणी भरपूर असतं आणि फवारा कमी झालेला असतो. रात्री मात्र थंडी, स्वेटर शाल ठेवा, आईंना इथे थंडी असते हे खरंच वाटणार नाही.

प्रतिसाद 2
लॉजबद्दल लिहितो, कामानिमित्त वर्षातून चार-पाच वेळा लिव्हिंगस्टनला राहतो म्हणून.

वेबसाइटवरून बुक करू नका, फोन करा आणि 'बॅकअप आहे का' असं विचारूच नका, कारण उत्तर हो असंच येणार. असं विचारा की लाइट गेल्यावर रूममध्ये नेमकं काय चालतं. फक्त बल्ब, की पंखा आणि चार्जिंगचा पॉइंट पण. सोलर असेल तर बॅटरी रात्रभर पुरते का. जनरेटर असेल तर किती ते किती. पाण्याची टाकी उंचावर आहे का, कारण टाकी वर असली की मोटर बंद पडली तरी नळाला पाणी येतं. जूनमध्ये पंख्यापेक्षा गरम पाणी महत्त्वाचं, त्यामुळे गीझर विजेचा आहे की सोलर की गॅसचा हे पण विचारा.

स्वयंपाकघर असलेली चॅलेट मिळतात, सेल्फ केटरिंग म्हणतात, आईंसाठी तीच घ्या. पण शेगडी गॅसची हवी!! बऱ्याच ठिकाणी विजेची हॉटप्लेट असते आणि लाइट गेली की खिचडी अर्धी कच्ची. सामान गावातल्या शॉपराइट सुपरमार्केटमध्ये मिळतं, भारतीय जेवणाची एक-दोन ठिकाणं पण आहेत. आणि लॉजच्या स्वयंपाकिणीला आदल्या दिवशी सांगितलंत तर भोपळ्याच्या पानांची शेंगदाण्याचं कूट घालून केलेली भाजी न्शिमाबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) करून देतात, त्यात मांसमच्छी नको हे स्पष्ट सांगा, सुकी कपेंटा मासळी त्यांच्या हिशेबात कधीकधी भाजीच असते. आईंना ती भाजी आवडेल, आपल्या चवीच्या जवळची आहे.

नदीकाठच्या लॉजचा मोह होतो पण ती वरच्या अंगाला कितीतरी किलोमीटर लांब, रात्री काही लागलं तर गावात यायचं म्हणजे अंधारात रस्त्यावर हत्ती. हे घाबरवायला सांगत नाही, धबधब्याच्या रस्त्यावर पण अंधार पडला की हत्ती येतात, सहाच्या आत गेटमध्ये या. म्हणून गावातच, पण मोसी-ओआ-तुन्या रोडपासून दोन गल्ल्या आत, मेन रोडला शनिवारी रात्री गाण्यांचा आवाज असतो. तळमजल्यावरची रूम, आणि बाथरूममध्ये टब नको, सरळ उभं राहायचा शॉवर. टबची कड ओलांडताना म्हातारी माणसं पडतात, माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच झालं.

प्रतिसाद 3
आम्ही पुण्याहून जुलैत गेलो होतो आईला घेऊन. जमत असेल तर झिम्बाब्वेची बाजू कराच. मुख्य धबधब्याचा मोठा भाग तिकडूनच समोरासमोर दिसतो, वाट बहुतेक सपाट आणि फरसबंद, सावली आहे, बसत बसत जाता येतं. शेवटचा डेंजर पॉइंट तेवढा सोडा, तिथे ओले खडक आहेत. सीमेवरचा 1905 चा रेल्वे पूल आहे, त्यावर उभं राहून घळ बघायला मिळते, पासपोर्ट जवळ ठेवा. खायची पिशवी हातात नको, बबून माकडं हिसकावून नेतात, आईच्या हातातले केळ्याचे वेफर्स असेच गेले.

प्रतिसाद 4
जूनमध्येच जाताय तर पौर्णिमा गाठा. पौर्णिमेच्या आसपास दोन्ही बाजूंची पार्कं रात्री उघडी ठेवतात, चंद्राच्या उजेडात फवाऱ्यात इंद्रधनुष्य दिसतं. वटपौर्णिमा त्याच सुमारास येते, आईंनाही बरं वाटेल.

आणि अण्णांसाठी एक. झांबियाच्या बाजूला धबधब्याच्या वरच्या अंगाने कालवा काढून पाणी वीजघराला नेलंय, 108 मेगावॉटचं आहे, 1938 पासूनचं. ज्या माणसाने आयुष्य कालव्यावर काढलं त्याला हे दाखवलंच पाहिजे. झांबेझी नदी प्राधिकरण धबधब्याजवळच्या मोजणी केंद्रावरचा प्रवाह प्रसिद्ध करत असतं, ते आकडे त्यांना आत्तापासून पाठवत जा.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः शेगडीचं आणि टबचं, हे मला सुचलंच नसतं. वटपौर्णिमेला धरून तीन रात्री ठरवतोय. काल सात लॉजना फोन केले, दोघांनी सोलर आणि पाण्याचं न अडखळता सांगितलं. त्यातल्या एका ठिकाणच्या बाई म्हणाल्या, तुमच्या वडिलांना चढ नको म्हणून गेटजवळची चॅलेट ठेवते, आणि गॅसची शेगडी आहे. तेच पक्कं केलं. एक दिवस झांबिया, एक दिवस झिम्बाब्वे, आणि संध्याकाळी नदीवर बोट.

प्राधिकरणाचे आकडे अण्णांना पाठवले. ते घनमीटरमध्ये असतात, त्यांनी 35.3 ने गुणून क्युसेक काढले आणि वहीत लिहायला सुरुवात केलीये. आज सकाळी फोन आला, विचारत होते तिथली मोजणीपट्टी काठावरून दिसते का, दुर्बीण घेऊन येऊ का. मी म्हटलं घेऊन या.