कॉलेजच्या मुलांकडून बचत गट, वाचनालय, संस्था यांच्यासाठी व्हिडिओ वगैरे करून घ्यायचेत, शिकवायचं कसं?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते, मराठी आणि जोडीला माध्यमलेखन. नवीन शैक्षणिक धोरणात दुसऱ्या वर्षाला कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट आलाय, २ क्रेडिट म्हणजे ६० तासांचं काम, इथल्या शिक्षक लोकांना माहितीच असेल. बऱ्याच ठिकाणी त्याचं काय होतं तेही माहिती असेल, एक दिवस झाडं लावा, एक दिवस गाव झाडा, बॅनर धरून फोटो, स्पायरल बाइंडिंग, सही, शिक्का. मला यावेळी खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काम करून घ्यायचंय. मुलं एवीतेवी दिवसभर रील बनवतच असतात, ते कसब कुणाच्या तरी कामी येऊ दे असं वाटतं.

तीन ठिकाणी बोलणं झालंय. एक मंगळवेढ्याकडचा बचत गट आहे, मालदांडी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करतात आणि जोडीला शेंगाचटणी. दुसरं एका गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय. तिसरी सोलापुरात पूर्व भागात विडी कामगार बायकांबरोबर काम करणारी एक छोटी संस्था. तिघांनीही आनंदाने हो म्हटलंय पण नक्की काय हवंय विचारलं की सगळे म्हणतात "एक छानसा व्हिडिओ करून द्या".

वर्गात साठेक मुलं, साधन म्हणजे मोबाईल आणि लॅबमधले थोडे कॉम्प्युटर. आधी काय शिकवू, कॅमेरा, एडिटिंग की आणखी काही? आणि मार्क कसे द्यायचे? चकाचक व्हिडिओ करणाऱ्यालाच जास्त मार्क गेले तर ज्यांचे मोबाईल साधे आहेत त्यांच्यावर अन्याय होईल. ज्यांनी असं काही केलंय किंवा ज्यांच्या संस्थेत अशी मुलं आलीयेत त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

माळरान

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, संस्थेच्या. आमच्याकडे जवळपास दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं येतात, चांगली असतात, मनापासून काम करतात, याबद्दल अजिबात तक्रार नाही. पण ती गेल्यावर आमच्या हातात काय राहतं ते बघा. फेसबुक पेज आहे पण ते एका मुलाच्या जीमेलवरून उघडलेलं, तो आता पुण्यात नोकरीला, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. पोस्टर आहे पण त्यावरचा फोन नंबर एका मुलीचा, अजूनही तिला ऑर्डरचे फोन जातात. पोस्टरवरचा भाव बदलायचा तर मूळ फाईल कुणाकडे आहे कुणालाच माहिती नाही, मग आमच्या ताई जुन्या भावावर पांढरी पट्टी चिकटवून नवा भाव पेनने लिहितात.

म्हणून मॅडम माझी एकच विनंती, मुलांना पहिल्या दिवसापासून हे शिकवा की आपण जे करतोय ते आपण गेल्यावर कोण चालवणार. अकाउंट गटाच्याच नंबरवर उघडा, अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या मोबाईलवर सुरू करून द्या, पासवर्ड गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा, आणि शेवटच्या आठवड्यात मुलांनी मोबाईलला हात न लावता ताईंनी स्वतः एक फोटो टाकून, एक भाव बदलून दाखवला की मगच काम पूर्ण झालं असं समजा. हे जमणार नसेल तर वेबसाईटच्या फंदात पडूच नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग, म्हणजे वस्तूंचे फोटो आणि भाव यांची यादी, बचत गटाला भरपूर होतो आणि तो ताईंना वापरता येतो.

आणि वेळ! तुमचं चौथं सेमिस्टर साधारण संक्रांतीच्या आसपास सुरू होत असेल. तेव्हा सोलापुरात गड्ड्याची जत्रा असते, भाकरीवाल्या बायकांचा तो धंद्याचा काळ. त्या दिवसांत साठ पोरं घेऊन जाऊ नका, त्या "या बाळांनो" म्हणतील, चहाही करतील, पण त्यांचं काम बुडेल. आधी त्यांना विचारा कधी यायचं ते.

तिसरी घंटा

मी मास मीडिया शिकवतो, असे प्रोजेक्ट बरेच केलेत. माळराननी लिहिलंय ते अगदी खरं आहे, त्यात भर घालतो.

कॅमेरा पहिले दोन आठवडे बंदच ठेवा. पहिली भेट फक्त ऐकायची, वही-पेन घेऊन, आणि ऐकून आल्यावर मुलांनी एका पानात तीन गोष्टी लिहायच्या, यांची अडचण काय, हे जे बनेल ते कोण बघणार, आणि कशावर बघणार. "छानसा व्हिडिओ" ही मागणी बहुतेक वेळा पाहुण्याला बरं वाटावं म्हणून केलेली असते. भाकरीवाल्या गटाला कदाचित पाकिटावरचं लेबल हवं असेल, वाचनालयाला पुस्तकांची यादी हवी असेल. विचारून विचारून तिथपर्यंत पोचणं हेच खरं शिक्षण आहे, आणि ते ६० तासांत बसवायचं म्हणजे एडिटिंगचा हव्यास थोडा कमी करायला लागतो.

दुसरं, आवाजापासून सुरुवात करा. साध्या मोबाईलवरही आवाज चांगला घेता येतो, फक्त फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर हवा, पंखा बंद, खिडकी बंद, आणि घेणाऱ्याच्या कानात इअरफोन. मी मुलांना एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करायला लावतो आणि मग ते शब्दन् शब्द कागदावर उतरवायला लावतो. हे उतरवणं कंटाळवाणं वाटतं पण त्याने दोन गोष्टी होतात, मुलांना आपण समोरच्याला मधे किती तोडतो ते कळतं, आणि कापाकापी कुठे करायची ते कागदावरच ठरतं. भाकरीचं तर फार छान होईल. थापतानाचा तो थपथप आवाज, मग तव्यावरून काढून मंद आचेवर कडक करत ठेवलेल्या भाकऱ्या, शेवटी मोडतानाचा कटकन आवाज. अशा व्हिडिओला पार्श्वसंगीत लावू देऊ नका हो, मुलं कुठलं तरी ट्रेंडिंग गाणं टाकतात आणि सगळा आवाज मरतो, वर कॉपीराइटचाही प्रश्न असतोच.

तिसरं, मराठी अक्षरं. कम्प्युटरवर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसरीकडे चिकटवलं की नुसता गिचमिडा होतो, म्हणून सगळं युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठेही चिकटवलं तरी अक्षर तेच राहतं, मुक्त किंवा बलू हे फॉन्ट फुकट आहेत आणि मोबाईलवर वाचायला स्पष्ट. काही एडिटिंग अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं तुटतात, "भाकऱ्या" मधला ऱ्या फुटला की लेबलाची शोभा जाते, म्हणून छापण्याआधी मराठी नीट वाचता येणाऱ्या दोन माणसांना दाखवायचंच असा नियम करा.

मार्कांचं म्हणाल तर माझ्याकडे तयार झालेल्या वस्तूला निम्म्याहून कमी असतात. बाकीचे ऐकण्याच्या नोंदींना, कच्चा व्हिडिओ गटाला दाखवून त्यांनी सांगितलेले बदल खरंच केले का याला, आणि काम नीट सोपवलं का याला. कच्चा व्हिडिओ त्यांच्याच जागेवर, त्यांच्याच मोबाईलवर दाखवायचा. लॅबच्या स्क्रीनवर सुंदर दिसणारी बारीक अक्षरं तिथे दिसतच नाहीत.

हुतात्माएक्सप्रेस

लेबलचा विषय निघालाय म्हणून सांगते, मी खाद्यपदार्थांच्या छोट्या उद्योगांना कागदपत्रांत मदत करते. मुलांनी आधी रील केली, ती चालली, दुसऱ्या जिल्ह्यातून ऑर्डर आल्या आणि पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा, नंबरच नाही असं व्हायला नको. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी चालते, १४ आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर हवा. शिवाय निव्वळ वजन, कधी बनवलं, कधीपर्यंत खावं, घटक, पत्ता. शेंगाचटणीत शेंगदाणा आहे हे उघड वाटतं तरी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणारे लोक असतात, ते ठळक लिहायचं. तेव्हा आधी लेबल नीट करा, रील त्यानंतर.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय टॅग, म्हणजे हा माल त्या भागाचाच अशी सरकारी नोंद) मिळालंय, ते पाकिटावर टाकावं असा मोह मुलांना होणारच. पण तो टॅग वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, उगाच लोगो छापू नका. "आमच्या शेतातली मालदांडी ज्वारी" हे खरं असेल तर तेवढं लिहिलं तरी गिऱ्हाईक ओळखतं.

पूर्वभागातला

मी बहुतेक फक्त वाचायला येतो पण हे वाचून राहवलं नाही. माझी आई विडी वळायची, आम्ही घरी तेलुगू बोलतो, मी मराठी शाळेत शिकलो. आमच्याकडे पण कॉलेजची मुलं, फोटोवाले, असे बरेच येऊन गेले आणि सगळ्यांना एकच फोटो हवा असायचा, मांडीवर सूप, त्यात पाला, बाई खाली मान घालून बसलेली, बाजूला लहान पोर. ते खोटं नव्हतं पण माझी आई दिवसभर तेवढंच करत नव्हती, ती गल्लीतल्या बायकांचे पीएफचे कागद घेऊन ऑफिसात भांडायला जायची, ते कुणी कधी काढलं नाही.

मॅडम, तुमच्या मुलांना सांगा त्या बायकांना विचारा तुम्हाला काय माहिती हवीये. मी सांगतो काय निघेल, पीएफ कसा काढायचा, आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव वेगळं असेल तर काय करायचं, ओळखपत्र हरवलं तर कुठे जायचं, मुलांच्या स्कॉलरशिपचा फॉर्म कधी निघतो. यातल्या एकेका प्रश्नावर दोन दोन मिनिटांचे आवाजी निरोप, तेलुगूतून, व्हॉट्सअ‍ॅपवर. आमच्या आईच्या वयाच्या बऱ्याच बायकांना तेलुगू बोलता येतं पण वाचता येत नाही, मराठी थोडं वाचता येतं, काहींना काहीच नाही, त्यामुळे पोस्टर करून उपयोग नाही, आवाजच पाहिजे. आणि तो आवाज गल्लीतल्याच एखाद्या अक्काचा असू द्या, कॉलेजच्या पोरीचा नको, म्हणजे बायका विश्वास ठेवतील. तुमच्या वर्गात तेलुगू बोलणारी मुलं नक्की असणार, ती वर्गात गप्प बसत असतील, या कामात त्यांना पुढे करा. माहिती मात्र ऑफिसातून किंवा युनियनकडून तपासून घ्या, चुकीचा निरोप एकदा फिरला की परत घेता येत नाही.

तिसरी घंटा

पूर्वभागातला, फार महत्त्वाचं लिहिलंत. आपल्याच भागातल्या माणसाने बोलायचं हे बाकीच्यांनीही करून बघितलंय. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून आहे, ९०.४ एफएमवर, तिथे गावातलीच माणसं गावच्या बोलीत बोलतात. डिजिटल ग्रीन म्हणून जी संस्था शेतीचे व्हिडिओ करते तिचीही पद्धत अशीच, व्हिडिओत त्याच भागातला शेतकरी, आणि तो नुसता पाठवून द्यायचा नाही, गट जमवून दाखवायचा, मधे थांबवून प्रश्न विचारायचे. सीनाकाठ मॅडम, जमलं तर मुलांना एक दिवस म्हसवडला घेऊन जा, एसटीने दिवसात जाऊन येता येईल, मी महिनाभर वर्गात बोलून जे होणार नाही ते त्यांना तिथे दिसेल.

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वाचनालयात परत जाऊन आले, यावेळी नुसतं ऐकलं. ग्रंथपाल काका पंधरा मिनिटं वाचनालयाच्या इतिहासाबद्दल बोलले आणि मग हळूच म्हणाले की दाखल नोंदवहीची, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितात त्या वहीची, पानं सुटत चाललीयेत, काही ठिकाणी शाई उडालीये, त्यांच्यानंतर कुठलं पुस्तक कुठे आहे कुणाला सांगता येणार नाही. म्हणजे त्यांना व्हिडिओ नकोच होता. तिथल्या गटाला आता नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो आणि एक्सेलमध्ये यादी असं काम देतेय, दाखल क्रमांक, नाव, लेखक, कपाट. माध्यमाच्या वर्गाला हे चालेल ना? मुलं म्हणतील यात क्रिएटिव्ह काय आहे.

विडी कामगारांचं पूर्वभागातला म्हणतात तसंच करणार, वर्गात विचारलं तर सात जणांनी हात वर केले, त्यातली एक मुलगी वर्षभरात वर्गात पहिल्यांदाच बोलली. भाकरीच्या गटाकडे जत्रा झाल्यावर जाऊ. आता संमतीचं कसं करायचं तेवढं सांगा, कुणाकडे सोप्या मराठीत नमुना आहे का?

माळरान

वाचनालयाचं काम नक्की द्या, आणि यादी झाली की ती छापून बांधून काकांच्या टेबलावर ठेवा, नुसती पेनड्राइव्हवर नको. क्रिएटिव्ह हवंच असेल तर यादीतली जुनी दुर्मिळ पुस्तकं निवडून एकेकावर काकांना बोलतं करा आणि ते रेकॉर्ड करा.

संमतीचं आम्ही असं करतो. कागद आधी वाचून दाखवायचा, ज्याला वाचता येत नाही त्याच्या भाषेत सांगायचा आणि त्याचा होकार मोबाईलवर रेकॉर्ड करायचा. १८ वर्षांखालचं कुणी दिसणार असेल तर पालकांची सही लागतेच, आणि बालगृहातलं किंवा कुठल्या केसमधलं मूल असेल तर चेहरा, नाव, शाळा काहीच दाखवायचं नाही, बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे. आमचा मजकूर देतो, लागेल तसा बदला:

"माझा फोटो / आवाज / व्हिडिओ _____ कॉलेजच्या मुलांनी घेतला आहे. तो कशासाठी घेतला आणि कुठे दाखवणार हे मला समजेल अशा भाषेत सांगितलं आहे. तो (गटात / व्हॉट्सअ‍ॅपवर / फेसबुक-इन्स्टावर / फक्त कॉलेजात) दाखवायला माझी हरकत नाही. बाहेर टाकण्याआधी मला दाखवतील. नंतर माझं मन बदललं तर मी _____ यांना फोन करीन आणि त्यांनी तो काढून टाकायचा. यासाठी मी कुणाच्या दबावाखाली हो म्हटलेलं नाही."

कंसातलं जे नको ते त्यांच्यासमोरच खोडायचं. फोन करायच्या जागी मुलांचा नंबर लिहू नका, तुमचा किंवा विभागाचा लिहा, मुलं पास होऊन जातात. दोन प्रती करा, एक त्यांच्याकडे ठेवा.