इकोवासला (पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेला) कागदी वाघ म्हणणाऱ्यांनो, गॅम्बिया विसरलात का?

चहाटळ: परवा एकाने लिहिलं, 'इकोवासवाले ठराव करतात, जेवतात आणि घरी जातात'. डोकंच फिरलं. गॅम्बियाचा अध्यक्ष जामेह निवडणूक हरून खुर्ची सोडेना, जिंकलेल्या बॅरोचा शपथविधी सेनेगलच्या राजधानीत, डाकारच्या गॅम्बियन वकिलातीत उरकावा लागला, जानेवारी २०१७ ला इकोवासतर्फे सेनेगलचं सैन्य आत शिरलं तेव्हा कुठे २२ वर्षं मुरलेल्या हुकूमशहाने गाशा गुंडाळला. हे काय युनोने केलं?

पुणेरी_पाटी: गॅम्बिया काय सांगता राव, तिन्ही बाजूंनी सेनेगल, हातभर देश. खरी परीक्षा २०२३ ला नायजरमध्ये होती, तिथे लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा. इकोवासने सात दिवसांची मुदत दिली, सैन्य घुसवू म्हणाले, मुदत संपली आणि हे बसले बैठका घेत. शेवटी माली, बुर्किना फासो, नायजर तिघंही जानेवारी २०२५ ला इकोवासमधून बाहेर.

कोटोनूकर: इकोवासने तेव्हा नायजरवर घातलेल्या निर्बंधांचं मला विचारा. आमचे तांदळाचे ट्रक बेनिन-नायजर सीमेवरच्या मालानव्हिलला अडकले, ड्रायव्हर ट्रकखाली झोपायचे, पावसात माल भिजला तो वेगळाच. नायजेरियाने वीज तोडली ती पण नायजरच्या राजधानीतल्या, नियामेतल्या साध्या माणसांची, जनरल लोकांकडे जनरेटर आहेत.

चहाटळ: निर्बंध फेब्रुवारी २०२४ ला उठले की. पुढे बेनिनकडची सीमा नायजरच्या जनरलनीच बंद ठेवली, त्याचं बिल इकोवासवर का फाडता?

कोटोनूकर: ट्रक तुमचे असते तर कळलं असतं.

निवृत्त_सुभेदार: इकोवासच्या फौजांचं कौतुक चाललंय, त्यात मोठा भरणा नायजेरियन सैन्याचा असायचा, म्हणून लिहितो. २००० साली सिएरा लिओनमध्ये आपले गोरखा जवान कैलाहूनला वेढ्यात होते, ऑपरेशन खुकरी करून आपणच सोडवले. तिथल्या शांतिसेनेचे भारतीय प्रमुख जनरल जेटलींनी लिहिलं की नायजेरियन अधिकाऱ्यांचं हिऱ्यांसाठी बंडखोरांशी साटंलोटं आहे, तर गदारोळ होऊन भारतच तिथून बाहेर पडला!

पुणेरी_पाटी: सुभेदार, ती युनोची मोहीम होती.

निवृत्त_सुभेदार: युनोची निळी टोपी घातली की माणूस बदलतो का? १९९० ला मनरोव्हियात लायबेरियाचा अध्यक्ष सॅम्युएल डो याला इकोवासच्या फौजेच्या मुख्यालयातून बंडखोर उचलून घेऊन गेले. पहारा कोणाचा होता?

चहाटळ: आणि १९९८ ला सिएरा लिओनच्या राजधानीतून, फ्रीटाउनमधून जुंटा (लष्करी राजवट) हाकलून निवडून आलेले अध्यक्ष कब्बा यांना परत कोणी बसवलं? याच नायजेरियनांनी, शेकडो जवान गमावलेत त्यांनी त्या देशात.

निवृत्त_सुभेदार: जवानांना सलामच आहे. मी अधिकाऱ्यांबद्दल बोलतोय.

पुणेरी_पाटी: बरं बाबा, मान्य. देश चिमुकला हवा, शेजारी चिडलेला हवा आणि हरलेल्याचा लष्करप्रमुख लढायला नको म्हणणारा हवा. एवढं जुळलं की इकोवास हमखास यशस्वी.

चहाटळ: खवचटपणे का होईना, यशस्वी म्हणालात! सुभेदार, जेटलींवर वेगळं लिहा, तिथे भांडू.