ग्रुप फोटोला दोन लाईट कशाला? एकच मोठा लावा, कॅमेऱ्याच्या मागे, उंचावर

कवडसा:
गेल्या आठवड्यात एका हॉलमधे अठरा जणांचा ग्रुप काढला, तीन ओळी, पुढची बसलेली, मधली उभी, मागची बाकावर. सवयीप्रमाणे डावी-उजवीकडे ४५ अंशात दोन सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे बसवायचे, पांढऱ्या कापडाचे डबे) लावले, दोन्हींची पॉवर सारखी, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. घरी येऊन मोठं करून बघितलं तर प्रत्येकाच्या नाकाला दोन सावल्या, एक डाव्या गालावर, एक उजव्या. आणि मधल्या ओळीतल्या एका काकूंच्या गालावर शेजारच्या माणसाच्या कानाची सावली, कड इतकी स्पष्ट की पाळी सुद्धा ओळखू यावी. तो फोटो त्यांच्या भिंतीवर लागणार आहे हो, वर्षानुवर्षं, मला खरंच रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ग्रुपला दोन बाजूंनी दोन लाईट ही पद्धत आपण फक्त सवयीने चालवतो. फ्लॅशचा उजेड पसरवणारी एकच मोठी छत्री घ्या, १८० सेंटीमीटरच्या आसपासची, कॅमेऱ्याच्या बरोबर मागे उंच स्टँडवर, तोंड मागच्या ओळीकडे. एक लाईट म्हणजे एक सावली, आणि ती खाली आणि मागे जाते, शेजाऱ्याच्या तोंडावर नाही. कोणाला पटत नसेल तर सांगा, पण कारणासकट.

दोन_छत्र्या:
नाही पटत. दोष दोन लाईटचा नाहीये, मापाचा आणि अंतराचा आहे. सॉफ्टबॉक्स केवढे होते? ६० बाय ९० सेंटीमीटरचे असतील तर चार मीटरवरून तो लाईट चेहऱ्याला खिडकीएवढा नाही, पुस्तकाएवढा दिसतो, मग सावलीला कड येणारच. सॉफ्ट म्हणजे डब्यावर लिहिलेलं नाव नव्हे, समोरच्या माणसाच्या जागेवरून तो केवढा दिसतो ते. त्याच दोन स्टँडवर मोठ्या छत्र्या लावल्या असत्या तर कानाची पाळी दिसली नसती.

दुसरं म्हणजे दिशा. बरेच जण डावा लाईट सरळ डाव्या माणसांवर रोखतात, तिथेच चुकतं. डावा लाईट उजव्या टोकाकडे वळवायचा, उजवा डाव्या टोकाकडे, म्हणजे जवळच्यांना छत्रीची नुसती कड लागते आणि लांबच्यांना पूर्ण झोत. हे केल्यावर कडेची माणसं भाजल्यासारखी येत नाहीत. मी गेली कित्येक वर्षं असंच करतोय आणि माझ्या फोटोत पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत उजेड सारखा असतो.

कवडसा:
६० बाय ९० चेच होते, ते मान्य, माझी चूक. उजेड सारखा पडतो हेही मान्य, मी कागदावर हिशोब केला. ओळ चार मीटर रुंद, दोन्ही लाईट मधल्या माणसापासून चार मीटरवर. एकटा डावा लाईट बघितला तर डाव्या टोकापेक्षा उजव्या टोकाला जवळजवळ पावणेदोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), कारण अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. पण दोन्हींची बेरीज केली की टोकं मधल्यापेक्षा जेमतेम पाव स्टॉप जास्त. म्हणजे तुमची पद्धत उजेडाच्या बाबतीत खरंच चांगली आहे.

पण माझा एकटा लाईट कॅमेऱ्यामागे, मधल्या माणसापासून चार मीटरवर ठेवला तरी टोकांना फक्त एक तृतीयांश स्टॉप कमी पडतो, तेवढं तर नंतर एडिटमधे सहज निघतं. मग त्या पाव स्टॉपसाठी नाकाच्या दोन सावल्या का घ्यायच्या? मोठ्या छत्रीने सावली मऊ होते, पण दोनच्या दोनच राहतात.

पडछाया:
तुम्ही दोघं फक्त सावली टाळायच्या मागे लागलायत. सावली नको असेल तर चेहऱ्याला आकार कुठून येणार? कॅमेऱ्याच्या मागून लाईट टाकला की गाल, नाक, कपाळ सगळं एका पातळीत, अठरा पासपोर्ट फोटो शेजारी शेजारी चिकटवल्यासारखं दिसतं.

मी एक मोठी छत्री एका बाजूला नेतो, फार नाही, कॅमेऱ्यापासून साधारण ३० अंश, पण लांब आणि उंच. दुसरी कॅमेऱ्यामागे, एक स्टॉप कमी करून, फक्त भरायला. मुख्य लाईट एकच म्हणून सावलीची दिशा एकच, आणि कॅमेऱ्यामागची छत्री ती सावली काळी होऊ देत नाही. एकट्याच्या पोर्ट्रेटला चालतं तेवढं गडद मात्र ग्रुपला नको, कोणाचा तरी अर्धा चेहरा गायब होतो.

दोन_छत्र्या:
पडछाया, हे दिसायला सुंदर येतं, सहा-सात जण असतील तर मीही असंच करीन. पण तीन ओळीत बाजूचा मुख्य लाईट म्हणजे परत शेजाऱ्याची सावली शेजाऱ्यावर. धाग्याची सुरवातच काकूंच्या गालापासून झाली ना?

आणि कवडसा, तुमच्या हिशोबात ओळींचं पुढे-मागे अंतर धरलंच नाही. मागची ओळ पुढच्यापेक्षा दीड मीटर मागे असेल तर तिला पाऊण स्टॉप तरी कमी मिळणार, मागचे सगळे सावळे.

कवडसा:
तो पाऊण स्टॉप तुमच्या दोन छत्र्यांनाही जातो की, तुमचे लाईटही तेवढ्याच अंतरावर आहेत. उपाय दोघांना एकच, लाईट मागे न्या आणि झोत मागच्या ओळीवर ठेवा, पुढच्यांना खालची कड पुरते. आणि ओळी घट्ट करा, त्याने फोकसचंही काम होतं. एफ ८ ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं, तरी तीन ओळी नीट शार्प यायला माणसं जवळ जवळ हवीतच.

झरोका:
मी एक वेगळंच मांडते. फ्लॅशच कशाला? सतत पेटणारा एलईडी लावा, सावली कुठे पडते ते आधीच डोळ्याला दिसतं, काकूंच्या गालावरचा कान तुम्हाला तिथल्या तिथे दिसला असता. लहान मुलंही फ्लॅशला दचकतात, डोळे मिटतात.

दोन_छत्र्या:
झरोका ताई, दिसतं हे खरं, पण पुरतं का? माझ्याकडच्या २०० वॅटच्या एलईडीला सॉफ्टबॉक्स लावून चार मीटरवरून एफ ८ आणि शटर १/१२५ सेकंद घेतलं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ६४०० च्या आसपास न्यावी लागते. कमी करायचं तर शटर १/३० वर आणा, मग अठरातला एक तरी हलतोच. फ्लॅशचा झटका एवढा छोटा असतो की हललेलं पोरही गोठतं. शिवाय बऱ्याच स्टुडिओ फ्लॅशमधे मॉडेलिंग लाईट, म्हणजे सतत पेटणारा छोटा दिवा, असतो, तो पेटवून सावली आधी बघता येते, आपणच आळस करतो.

झरोका:
आयएसओचं मान्य, मी बहुतेक चार-पाच जणांचेच ग्रुप काढते म्हणून मला ते जाणवलं नाही. पण मॉडेलिंग लाईट पेटवून बघा हे मी आता प्रत्येकाला सांगणार. आणि हॉलच्या ट्यूबलाईट बंद करा, नाहीतर अर्धे चेहरे हिरवट येतात.

कवडसा:
आज दुपारी करूनच बघितलं. नऊ खुर्च्या चार मीटरच्या ओळीत, प्रत्येकीच्या पाठीवर पांढरा कागद, कागदावर नाकाच्या जागी पेन्सिलीचा तुकडा आडवा बाहेर काढून चिकटवला. दोन छत्र्या लावल्या, दोन्ही मोठ्या, टोकांकडे उलट वळवलेल्या. कागद खरंच सारखे आले, लाईट मीटर टोकं आणि मधला यात काही फरक दाखवेना. पण प्रत्येक पेन्सिलीला दोन सावल्या, इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारख्या, मऊ पण दोन. मग एकच छत्री कॅमेऱ्यामागे, पावणेतीन मीटर उंच. टोकाचे कागद किंचित करडे, आणि सावली एकच, पेन्सिलीच्या खाली, अंगठ्याच्या नखाएवढी.

दोन_छत्र्या:
पेन्सिलीला चष्मा नसतो. पुढच्या ओळीत बसलेला माणूस उभ्या कॅमेऱ्याकडे बघायला हनुवटी वर करतो, काच वर वळते आणि तुमची सहा फुटी छत्री अख्खी त्या काचेत दिसते, डोळे गायब. माझ्या छत्र्या बाजूला असतात म्हणून मधल्यांच्या काचेत येत नाहीत. हे नंतर एडिटमधे निस्तरायला बसा, मग कळेल.

कवडसा:
हा मुद्दा खरा आहे, आणि माझ्या अठरात सहा जणांना चष्मा आहे. पत्नीला खुर्चीत बसवून आत्ताच बघितलं. कॅमेरा तिच्या डोळ्याच्या पातळीला खाली आणला आणि चष्म्याच्या काड्या कानावर बोटभर उचलल्या की काच थोडी खाली झुकते आणि छत्री निघून जाते. हनुवटी वर केली की परत हजर. म्हणजे कॅमेरा खाली ठेवायचा, तेवढं मी शिकलो.

सगळ्यांना रविवारी परत बोलावलंय. छत्री एकच, कॅमेऱ्यामागे, कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांना. काकूंना या वेळी पुढच्या ओळीत मधे बसवणार आहे.