लॅबा जोडा म्हणे, रेंज बंद करा म्हणे!

खडूस_काका: काल इथे एकाने लिहिलं, एफ-३५ या अमेरिकन लढाऊ विमानाची शेवटची परीक्षा सिम्युलेटरवर झाली, तेव्हा आता फायरिंग रेंज बंद करा, ठिकठिकाणच्या लॅबा नेटवर्कने जोडा, पैसे वाचवा. अहो, पॅटक्सेंट रिव्हरच्या नौदल तळावरचं ते जेएसई, म्हणजे तो सिम्युलेटर, एकाच जागी आहे, त्यात लांबच्या लॅबा जोडण्याचा संबंध काय? शिवाय ते वेळेत तयार झालं नाही म्हणून चाचणीच्या ६४ फेऱ्या संपायला सप्टेंबर २०२३ उजाडला, फुल रेट प्रॉडक्शनला, म्हणजे पूर्ण वेगाने विमानं बनवायला, मंजुरी मार्च २०२४ मध्ये, आणि तोवर हजाराच्या आसपास विमानं बनूनसुद्धा झाली होती! वरात गेल्यावर पत्रिका छापायची ही तऱ्हा.

डेटावाला: "बंद" शब्दावर अडकू नका, मला कमी करा म्हणायचं होतं. शत्रूची अख्खी हवाई संरक्षण यंत्रणा रेंजवर उभी करणार कुठून? चार मिसाईल डागून कसला निष्कर्ष काढणार?

खडूस_काका: पोस्टमध्ये "बंद"च आहे, स्क्रीनशॉट टाकू? लांबच्या लॅबा जोडायचं काम अमेरिकेत अल्बुकर्कीच्या जेएडीएस या लष्करी चाचणी प्रकल्पाने १९९४ ते २००० मध्ये करून बघितलंय. मिसाईल एका लॅबमध्ये, टार्गेट दुसरीकडे, दोघं एकमेकांना बघून वळणार, मग डेटा उशिरा पोचला की मिसाईल जुन्या जागेवरच जाणार ना.

स्टिअरिंग: मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये होतो. लॅबमध्ये ब्रेकचा कंट्रोलर झकास पास, घाटात पहिल्याच पावसात फेल, आणि साहेब म्हणे घाटच चुकीचा. तेव्हापासून माझा मॉडेलवर काडीचा विश्वास नाही.

तिरकस_ताई: अमेरिकेचा मिलेनियम चॅलेंज २००२ हा युद्धसराव विसरलात का सगळे? २५ कोटी डॉलर, खरं सैन्य आणि सिम्युलेशन एकत्र, शत्रूची बाजू खेळणाऱ्या निवृत्त जनरल व्हॅन रायपरने मोटारसायकलवरून निरोप पाठवून अमेरिकेची १६ जहाजं सिम्युलेशनमध्ये बुडवली, तर वरच्यांनी ती परत तरंगवली!

डेटावाला: ताई, तो युद्धपद्धतीचा प्रयोग होता, शस्त्राची चाचणी नव्हे. इथे काय संबंध?

तिरकस_ताई: संबंध हा की बटण ज्याच्या हातात त्याचंच शस्त्र पास.

डेटावाला: मग रेंजवर बटण नसतं? टार्गेट कुठून येणार, कधी येणार, सगळं आधीच ठरलेलं असतं. तिथे रायपरला कोण उभं करतं?

तिरकस_ताई: निदान बुडालेलं जहाज वर येत नाही हो!

स्टिअरिंग: रायपर हीरो वगैरे नाही पण, मोटारसायकलवाले काय प्रकाशाच्या वेगाने जात होते काय सिम्युलेशनमध्ये?

तिरकस_ताई: म्हणजे मॉडेलच गंडलेलं होतं! माझंच म्हणणं मांडताय.

डेटावाला: मूळ धाग्यावर या कृपया. जेएडीएसनेच एएलक्यू-१३१ या शत्रूचं रडार गोंधळवणाऱ्या जॅमरवर जोडलेल्या लॅबांनी चाचण्या घेतल्या, ते काकांनी सोयीस्कर गाळलं.

खडूस_काका: बरं बाबा, जॅमरला चालतं, घे पेढा. पण दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन पाणबुड्यांचा मार्क १४ टॉर्पेडो आठव. महाग म्हणून युद्धाआधी पुरेसे खरे डागले नाहीत, सराव टॉर्पेडोवर भागवलं, आणि युद्धात ते ठरवल्यापेक्षा दहाएक फूट खोल जाऊन जहाजांच्या खालून निघून जात होते.

डेटावाला: १९४२ मध्ये सिम्युलेशन कुठे होतं?

खडूस_काका: पैसे वाचवणारे होते ना.