प्रोसीजरल मॅक्रोमधला एरर वापरणाऱ्याच्या नेमक्या ओळीवर कसा दाखवावा?

प्रश्न (मालवणहून)

नमस्कार. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेसाठी बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदींचा प्रोग्रॅम मी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहीत आहे. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्या दोन महिन्यांतच नोंदींचे नमुने बदलण्याची सवड मिळते, म्हणून सध्या हेच काम जोरात चालू आहे.

प्रत्येक नमुना म्हणजे एक स्ट्रक्ट (नाव दिलेल्या रकान्यांचा, म्हणजे फील्ड्सचा, संच) आहे. त्यातील प्रत्येक फील्डवर आम्ही एकक, कमाल मर्यादा आणि छापील फॉर्मवरचे नाव असे गुणधर्म लिहितो आणि मी लिहिलेला डिराइव्ह मॅक्रो (कोड वाचून नवा कोड तयार करणाऱ्या प्रोसीजरल मॅक्रोचा एक प्रकार) त्यावरून टेबलाची रचना, फॉर्म आणि तपासणीची फंक्शन्स तयार करतो. स्ट्रक्ट लिहिण्याचे काम आता महाविद्यालयातील दोन विद्यार्थिनी करतात. मॅक्रो आतून कसा चालतो हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची गरज पडू नये असे मला मनापासून वाटते.

गेल्या आठवड्यात त्यांतील एकीने बांगड्याच्या वजनासाठी 'किलो' लिहिण्याऐवजी 'कीलो' असे दीर्घ लिहिले. माझ्या मॅक्रोत त्या जागी 'अनरॅप' (अपयश आले तर तिथेच काम थांबवणारी मेथड) होते, त्यामुळे कंपायलरने डिराइव्ह मॅक्रो पॅनिक झाल्याचे, म्हणजे मध्येच कोसळल्याचे, सांगितले आणि लाल रेघ स्ट्रक्टच्या माथ्यावरील मॅक्रोच्या नावाखाली ओढली. स्ट्रक्टमध्ये २३ फील्ड्स होती. ती मुलगी दुपारभर एकेक फील्ड काढून पाहत बसली आणि चूक तिच्या हातची असली तरी तो वेळ माझ्या मॅक्रोने घेतला, याचे मला वाईट वाटले.

म्हणून विचारतो की, एरर त्या चुकीच्या शब्दाखालीच कसा दाखवावा, एकाच नमुन्यात चार चुका असतील तर त्या चारही एकदम कशा सांगाव्यात, आणि फील्डचा प्रकारच अयोग्य असेल, म्हणजे आमचा 'नोंदयोग्य' हा ट्रेट (प्रकाराने पुरवायच्या मेथड्सचा करार) त्याला लागू नसेल, तर काय करावे? रस्टच्या नाइटली, म्हणजे प्रायोगिक, आवृत्तीत मॅक्रोतून एरर दाखवण्यासाठी 'डायग्नोस्टिक' नावाची सोय आहे असे वाचले, परंतु आम्ही स्थिर आवृत्तीच वापरतो.

उत्तर १ (रत्नागिरीहून)

'डायग्नोस्टिक' अजून नाइटलीतच आहे, त्यामुळे तो मार्ग सोडून द्या. तुमचे काम त्याच्याशिवाय उत्तम होईल.

मॅक्रोच्या हाती जे टोकन्स, म्हणजे कोडचे सुटे शब्द आणि चिन्हे, येतात त्या प्रत्येकासोबत त्याचा स्पॅन, म्हणजे मूळ फाइलमधील जागा, येत असतो. पॅनिक केले की ही माहिती हरवते, कारण पॅनिकला कोणत्याही टोकनचा पत्ता नसतो आणि कंपायलरला मॅक्रो जिथे बोलावला ती एकच जागा दाखवता येते. उलट 'कंपाइल_एरर!' हा अंगभूत मॅक्रो (तो १.२० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून स्थिर आहे) तयार केलेल्या कोडमध्येच पेरला आणि त्याच्या टोकन्सना चुकीच्या शब्दाचा स्पॅन दिला, तर कंपायलर रेघ त्या शब्दाखाली ओढतो. हे हाताने करत बसावे लागत नाही, कारण मॅक्रोसाठी रस्टचा कोड वाचून देणाऱ्या 'सिन' लायब्ररीतील 'एरर' हा प्रकार नेमके हेच करतो.

रचना अशी ठेवा. बाहेरचे फंक्शन अगदी लहान असावे. खरे काम आतल्या फंक्शनमध्ये करावे आणि त्याने 'रिझल्ट' परत द्यावा, ज्यात यशाच्या बाजूला टोकनस्ट्रीम (टोकन्सची मालिका) आणि अपयशाच्या बाजूला 'सिन'चा एरर असेल. बाहेरच्या फंक्शनने एरर आला तर त्यावर 'इन्टू_कंपाइल_एरर' बोलावून मिळालेले टोकन्स परत द्यावेत. आत 'अनरॅप' आणि 'एक्स्पेक्ट' जिथे जिथे आहे तिथे एरर बाहेर पाठवणारा प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर येईल. मी माझा पहिला मॅक्रो याच क्रमाने दुरुस्त केला होता आणि निम्म्याहून अधिक तक्रारी तेवढ्यानेच थांबल्या.

एरर तयार करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. 'न्यू' एक स्पॅन घेते, तर 'न्यू_स्पॅन्ड' टोकन्स घेते. स्थिर कंपायलरवर अनेक टोकन्सचे स्पॅन एकत्र जोडता येत नाहीत, त्यामुळे 'ऑप्शन'मध्ये गुंडाळलेल्या एखाद्या प्रकाराचा स्पॅन मागितला तर केवळ पहिल्या टोकनचा, म्हणजे 'ऑप्शन' या शब्दाचाच स्पॅन मिळतो. 'न्यू_स्पॅन्ड' मात्र पहिला आणि शेवटचा असे दोन्ही स्पॅन जपून ठेवते, म्हणून रेघ पूर्ण प्रकाराखाली येते. तुमच्या 'कीलो'च्या बाबतीत ते एकच टोकन असल्याने दोन्ही चालतील.

चारही चुका एकदम दाखवण्यासाठी पहिल्या चुकीवर परत फिरू नका. फील्ड्सवर फिरताना एक एरर जवळ बाळगा आणि पुढचा प्रत्येक एरर 'कंबाइन'ने त्यात मिळवत जा. शेवटी त्या एकातूनच प्रत्येक चुकीसाठी स्वतंत्र 'कंपाइल_एरर!' तयार होतो. गुणधर्मांची संख्या वाढणार असेल तर 'डार्लिंग' ही लायब्ररी पाहावी, कारण ती चुका साठवून एकत्र सांगते आणि गुणधर्माचे नाव थोडे चुकले असेल तर जवळचे नावही सुचवते.

संदेशाच्या मजकुराबद्दल माझा आग्रह असा की, 'अवैध एकक' एवढेच लिहू नये. कोणत्या फील्डवर काय लिहिलेले सापडले आणि तिथे कोणती एकके चालतात हे सारे त्याच संदेशात यावे. संदेशात नवी ओळ घालता येते, तेव्हा दुसऱ्या ओळीवर 'चालणारी एकके: किलो, पाटी, नग' असे लिहिले की वाचणाऱ्याला दुसरीकडे शोधावे लागत नाही. फील्डचे नाव मजकुरात असण्याला आणखी एक कारण आहे. माझ्या टर्मिनलवर देवनागरी ओळींखालची रेघ पुष्कळदा एकदोन घरे सरकलेली दिसते, आणि अशा वेळी नावच खरा आधार ठरते.

उत्तर २ (देवगडहून)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, ते देतो.

मॅक्रो चालतो तेव्हा प्रकारांची तपासणी झालेलीच नसते, त्यामुळे एखाद्या प्रकाराला 'नोंदयोग्य' लागू आहे की नाही हे मॅक्रोला कळूच शकत नाही. ते कंपायलर नंतर पाहतो, आणि तयार झालेल्या कोडमध्ये ज्या टोकनपाशी ती अट मोडते त्या टोकनचा स्पॅन तो दाखवतो. कोडचे टोकन्स बनवणाऱ्या साध्या 'क्वोट!' मॅक्रोने तयार केलेल्या टोकन्सचा स्पॅन म्हणजे मॅक्रो बोलावल्याची जागा, म्हणून पुन्हा तीच माथ्यावरची रेघ दिसते. यावर उपाय 'क्वोट_स्पॅन्ड!' हा आहे, कारण त्यात स्पॅन आपण देतो. प्रत्येक फील्डसाठी 'नोंदयोग्य' ही अट असलेल्या एका रिकाम्या तपासणी-फंक्शनला फील्डचा प्रकार देऊन हाक मारा, आणि ती हाक त्या प्रकाराचाच स्पॅन देऊन तयार करा. मग अट मोडली की रेघ त्या फील्डच्या प्रकाराखाली येते.

येथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे मी दोन दिवस अडकलो होतो. स्पॅनमध्ये जागेबरोबर नावे कोठून शोधायची याचीही माहिती असते. वापरणाऱ्याच्या टोकनचा स्पॅन जसाच्या तसा दिला की तुम्ही तयार केलेली स्थानिक व्हेरिएबल्स वापरणाऱ्याच्या नावांच्या कक्षेत जातात आणि क्वचित तिथल्या नावांशी भिडतात. म्हणून त्या स्पॅनवर 'रिझॉल्व्ह्ड_ॲट' बोलावून त्याला 'मिक्स्ड_साइट' द्यावी. जागा वापरणाऱ्याची राहते आणि स्थानिक नावे मॅक्रोच्या कक्षेत राहतात. 'मिक्स्ड_साइट' १.४५ आवृत्तीपासून स्थिर आहे.

रेघ योग्य जागी आली तरी मजकूर कंपायलरचाच राहतो. तोही बदलायचा असेल तर ट्रेटवर 'डायग्नोस्टिक' नामावकाशातील 'ऑन_अनइम्प्लिमेंटेड' हा गुणधर्म लावा. तो १.७८ पासून, म्हणजे मे २०२४ पासून स्थिर आवृत्तीत आहे आणि त्यात संदेश, रेघेजवळची टीप आणि खालची सूचना असे तिन्ही मराठीत लिहिता येते. तुम्ही वर ज्या 'डायग्नोस्टिक'चा उल्लेख केला ती सोय वेगळी. केवळ नाव सारखे आहे.

आणखी एक. मॅक्रोने नुसता 'कंपाइल_एरर!' परत दिला तर ट्रेटचे इम्प्लिमेंटेशन (त्याच्या मेथड्सचा प्रत्यक्ष कोड) तयार होत नाही आणि ते स्ट्रक्ट जिथे जिथे वापरले आहे तिथे मेथड सापडत नसल्याचे एरर येत राहतात. खरी चूक एक आणि एरर तीस, अशी अवस्था होते. म्हणून एररसोबत ट्रेटचे एक रिकामे इम्प्लिमेंटेशनही द्यावे, ज्यातील प्रत्येक मेथडच्या आत 'अनइम्प्लिमेंटेड!' एवढेच असेल. हा कोड कधी चालणारच नाही, परंतु पुढची एररांची रांग थांबते. तुमचा मॅक्रो डिराइव्ह आहे म्हणून स्ट्रक्ट जागेवर राहते. ॲट्रिब्यूट मॅक्रो असता तर मूळ स्ट्रक्टही आपणच परत द्यावे लागले असते.

प्रश्नकर्ता (मालवणहून)

दोघांचेही मनापासून आभार. आतले आणि बाहेरचे फंक्शन वेगळे केले, 'कंबाइन' जोडले, आणि आता 'कीलो'ची रेघ 'कीलो'खालीच येते. तरी एके ठिकाणी पॅनिक उरला आहे. फॉर्मवरच्या नावातून मी 'आयडेंट::न्यू'ने (कोडमधील नावाचे टोकन, म्हणजे आयडेंट, बनवणाऱ्या फंक्शनने) फंक्शनचे नाव तयार करतो. 'वाऱ्याची_दिशा' हे नाव माझ्या संगणकावर चालते, पण दुसऱ्या विद्यार्थिनीने तिच्या कीबोर्डवरून तेच लिहिले की मॅक्रो पॅनिक होतो. दोन्ही शब्द डोळ्यांना अगदी सारखे दिसतात.

उत्तर ३ (वेंगुर्ल्याहून)

हा मराठीतलाच प्रश्न आहे. 'वाऱ्या'मधील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, आणि एकदा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे शून्य-रुंदीचा जोडक, म्हणजे यू+२००डी हे चिन्ह ठेवून. रस्टमध्ये देवनागरी नावे १.५३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून चालतात, परंतु नावात हा जोडक चालत नाही. 'आयडेंट::न्यू'ला अवैध नाव दिले की ते एरर न देता थेट पॅनिक करते, 'फॉरमॅट_आयडेंट!'चेही तसेच आहे.

सर्वसाधारण उपाय असा की, स्ट्रिंगच्या लिटरलवर, म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुरावर, 'पार्स' बोलावून त्यातून आयडेंट मागावा. नावात मोकळी जागा किंवा आडवी रेघ आली तर तो एरर परत देतो, आणि त्याचा स्पॅन त्या लिटरलचाच असतो. मात्र जोडकासाठी तेवढ्यावर विसंबू नये, कारण काही अवैध अक्षरांवर टोकन पाडण्याच्या पायरीतही पॅनिक होऊ शकतो. त्याआधीच स्ट्रिंगमध्ये यू+२००डी आणि यू+२००सी (शून्य-रुंदीचा विभाजक) ही चिन्हे शोधा आणि सापडली तर स्वतःचा एरर द्या. त्या संदेशात 'अवैध चिन्ह' असे लिहून उपयोग नाही, कारण ते चिन्ह कोणालाच दिसत नाही. 'या नावात न दिसणारा जोडक आहे, त्याऐवजी ऱ हे अक्षर वापरावे' असे स्पष्ट लिहावे. मॅक्रोने जोडक गुपचूप बदलून घ्यावा असे मला वाटत नाही, कारण मग स्ट्रक्टमध्ये लिहिलेले नाव आणि तयार झालेले नाव वेगळे राहील आणि शोधताना ते सापडणार नाही.

हे सर्व संदेश टिकावेत म्हणून 'ट्रायबिल्ड' ही लायब्ररी जरूर वापरा. चुकीचे नमुने लहान लहान फाइलींत ठेवायचे आणि प्रत्येकाशेजारी अपेक्षित एररचा मजकूर ठेवायचा. मॅक्रो बदलताना एखादी रेघ पुन्हा माथ्यावर सरकली तर चाचणी लगेच अडते. कंपायलरच्या आवृत्तीनुसार संदेशांची मांडणी बदलते, म्हणून या चाचण्या एकाच ठरलेल्या आवृत्तीवर चालवाव्यात.

प्रश्नकर्ता (मालवणहून)

जोडकाची तपासणी घातली. चाचणीच्या सात फाइली तयार झाल्या, त्यांतील पहिली 'कीलो'ची आणि दुसरी 'वाऱ्याची_दिशा'ची आहे. आज दुपारी एका नमुन्यात मुद्दाम पाच चुका करून विद्यार्थिनींना दिला. पाचही एकाच वेळी दिसल्या आणि दोघींनी मला काही न विचारता त्या दुरुस्त केल्या. रिकाम्या इम्प्लिमेंटेशनचे काम उद्या हाती घेतो.